स्वेटरवाल्याचा आहेर

नांदेड, रविवार, ६ मार्च १९८३
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

श्री. व्यंकटराव हनवते यांस,

मी टँकरच्या रांगेत आहे. टँकर अजून आलेला नाही. पालथ्या घागरीवर बसून, मांडीवर पाटी घेऊन लिहीत आहे, म्हणून अक्षर हलले असल्यास माफ करावे. वरच्या ओळीत काय लिहावे यात बराच वेळ गेला. 'तीर्थरूप' लिहून पाहिले. मग दुसरा कागद घेतला.

मी रामकिशन. जन्म रंगून, ११ ऑगस्ट १९६१. आईचे नाव मा टिन श्वे. तुम्ही भंतेजींबरोबर पाली शिकायला रंगूनला गेला होता. ते शिक्षण सोडून भाताच्या गिरणीत हिशेबनीस झालात, आईशी लग्न केलेत, आणि मी दीड वर्षाचा असताना 'गावाकडे व्यवस्था लावून नेतो' असे सांगून बोटीत बसलात. हे सर्व तुम्हाला माहीत आहे. ते आम्हालाही माहीत आहे एवढे कळावे म्हणून लिहिले.

अकरा वर्षे वाट पाहून, १९७४ साली आई मला घेऊन बोटीने मद्रासला आली आणि तिथून इस्लापूरला. तिच्या कागदावर 'भारतीय नागरिकाची पत्नी' असे लिहिलेले होते व खाली तुमचे नाव होते. दारात धुरपता आत्या उभी होती. ती तुमची मोठी बहीण, हे आम्हाला नंतर कळले. तिने मला नाव विचारले. मला मराठीतले एवढेच येत होते, आईने बोटीवर घोकून घेतले होते. मी म्हणालो, "रामकिशन व्यंकटराव हनवते." आत्या उंबऱ्यावर खाली बसली.

"बाचं नाव!" ती म्हणाली. "व्यंक्यानं बाचं नाव तिकडं देऊन टाकलं व्हय! तरीच म्हनलं, लातूरच्या पोराला का न्हाई ठेवलं." लातूरला तुमचा दुसरा संसार आहे, हे आम्हाला असे कळले.

आपल्यात आजोबा गेल्यावर पहिल्या नातवाला त्यांचे नाव ठेवतात आणि मग दुसऱ्या कोणाला ठेवत नाहीत, हे मला आत्यानेच पुढे सांगितले. तिने आईकडे दुसरा पुरावा मागितला नाही. नव्या सुनेला नाव ठेवतात तसे तिने आईचे नाव चांगुणा ठेवले. आईला सासऱ्याचे नाव घेऊ दिले नाही, म्हणून आई मला अजून 'मौंग' म्हणते, म्हणजे बर्मीत 'पोरा'. मला तेराव्या वर्षी तिसरीच्या वर्गात बसवले. जोडाक्षरे मी मिसरूड फुटताना शिकलो, त्यामुळे शुद्धलेखनाची काळजी जास्त घेतो. सातवीनंतर शाळा सुटली. आता आई आणि मी नांदेडला राहतो, मी विष्णुपुरीला धरणाच्या कामावर रोजंदारीने हजेरी लिहितो.

आईच्या इथे राहण्याच्या परवान्याला दरवर्षी आत्या जामीन राहायची. गेल्या दिवाळीत ती वारली. तुम्ही मातीला आला होता. पलीकडच्या बाजूने मूठभर माती टाकून, आमच्याकडे न बघता गेलात. आता जामीन कोणी नाही. आईला नोटीस आली आहे, की ३० जूनपर्यंत पतीचा पुरावा द्यावा, नाहीतर देश सोडावा.

आमच्या वकील सौदामिनीबाई आहेत. त्या म्हणतात, तुमच्या दोन सह्या पुरतात. एक, रामकिशन माझा मुलगा आहे व त्याच्या जन्माच्या वेळी मी भारताचा नागरिक होतो. दोन, मा टिन श्वे माझी पत्नी आहे. पहिलीने मी नागरिक ठरतो, दुसरीने आईला अर्ज करता येतो.

शेत, घर, पगार यातले मी काही मागणार नाही. तसे स्टँपवर लिहून देतो. आईला या पत्राची माहिती नाही.

टँकर आला. थांबतो.

रामकिशन

नांदेड, रविवार, १० एप्रिल १९८३

श्री. व्यंकटराव हनवते यांस,

माझ्या पत्राचे उत्तर आले नाही म्हणून मी सोमवारी लातूरला आलो. जे झाले ते तुमच्यासमोरच झाले. तरी लिहितो, कारण तुम्ही ते वेगळे लक्षात ठेवाल अशी मला भीती वाटते.

तुमच्या कचेरीची पाटी नवी आहे, रंगाचा वास येत होता. आत जुन्या जिल्ह्याहून आलेले बस्ते छतापर्यंत रचलेले होते. जिल्हा नवा झाला आणि तुम्हाला बढती मिळाली हे मला माहीत होते. दाराशी स्टुलावर शिपाई होता. त्याचे नाव शिवप्पा, हे तुमच्या तोंडून कळले.

"कोन पायजे रे?"

"हनवते साहेब."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि आत आवाज दिला, "साब, कुनी नेपाळी आलाय बगा!"

तुम्ही बाहेर आलात. मला ओळखलेत. तुमचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तुम्ही शिवप्पाला म्हणालात, "अरे, हा स्वेटरवाला. हिवाळ्यातली उधारी राहिलीय याची."

"शिमगा होऊन गेला आन् आता सेटरची उधारी?" शिवप्पा हसला. "लई अडलेला दिसतो गडी. मराठी येतं का रं?"

"येतं," मी म्हणालो.

"व्हय की! अगदी आपल्यातलाच वाटतोय साब."

तुम्ही मला सायकल स्टँडच्या मागे नेलेत. "आवाज कमी ठेव," म्हणालात. मी तोवर तुमच्याशी काही बोललो नव्हतो.

"इथं यायचं नाही. पत्र पाठवायचं नाही. पहिली जिवंत असताना दुसरी केली, हे वर कळलं तर मला घरी बसवतील. घरात चार तोंडं आहेत. तुला कळतं का?"

मला कळते. आमच्या घरात दोन तोंडे आहेत. हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहीत आहे.

मी म्हणालो, "तीस जूनला आईला जावं लागेल."

तुम्ही विचारलेत, "तिकडं तिचं कोणी असेल ना?"

तिकडे तिचे कोणी नाही. तिची आई वारली, भाऊ डोंगराकडे गेला तो परत आला नाही. तुम्ही तिचे एकटे जावई होता, म्हणजे त्या घराचे. हे वाक्य नीट जमले नाही, पण खोडाखोड नको म्हणून तसेच ठेवतो.

मग तुम्ही पाकीट काढून पन्नासची नोट दिलीत आणि शिवप्पाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "हे घे स्वेटरचे. मिटलं."

मी नोट घेतली. का घेतली याचा पुष्कळ विचार केला. शिवप्पा बघत होता म्हणून घेतली. न घेतली असती तर तुम्ही खोटे पडला असता.

आईला सांगितले की साहेब दौऱ्यावर होते, भेट झाली नाही.

रामकिशन

नांदेड, रविवार, २४ एप्रिल १९८३

श्री. व्यंकटराव हनवते यांस,

तुमचे रजिस्टर पाकीट सौदामिनीबाईंना मिळाले. पाकीट आहे म्हटल्यावर मला इतका आनंद झाला, की मी अर्धी हजेरी टाकून आईला घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हणजे आईला आता सर्व माहीत आहे.

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मी प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो की, रामकिशन हा माझा मुलगा असून त्याची आई रंगून येथे सन १९६३ साली..." आणि त्या थांबल्या.

"वाच की बाई," आई बाकावरून म्हणाली. "फुडं काय हाय?"

"मयत झाली," बाईंनी वाचले.

आईने वर पंख्याकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग लिव्हा तसं. मेले म्हना. पोराला कागद भेटतो ना?"

"चांगुणाबाई, तुम्ही वारल्या असाल तर या बाकावर कोण बसलंय?" बाई म्हणाल्या. "उद्या विचारतील, ही बर्मी बाई कोण? हिचं इथं कोण आहे? कोणी नाही. बसवा गाडीत."

"कोन्त्या गाडीत? बर्म्याला गाडी कुटं जाती?"

बाई हसल्या. मी हसलो नाही. तुमचा मसुदा फार नीट लिहिलेला आहे. एक चूक नाही. माझ्यासाठी नागरिकत्व आणि तुमच्यासाठी नोकरी, दोन्ही त्यात बसवलेले आहे. फक्त एक माणूस कमी केले आहे.

आम्ही तो वापरणार नाही. खोट्या कागदावर मी सही करून घेणार नाही, असे बाईही म्हणाल्या. त्यांनी दुसरी वाट सांगितली. बापाकडून मिळते ते नागरिकत्व एक. आईकडून ते मिळत नाही, ती कोणीही असो. दुसरे असते ते राहून मिळणारे. परक्याने इथे पुरेशी वर्षे राहावे, इथली भाषा यावी, दोन नागरिकांनी त्याच्या वागणुकीची हमी द्यावी आणि मग मागावे. आम्हाला नऊ वर्षे झाली. अर्ज दाखल झाला की त्याचा निकाल लागेपर्यंत आईला थांबता येईल, असे बाई म्हणतात. माझे मात्र त्यात उलटे होते. मी जन्मापासून जे आहे तेच मला परका म्हणून मागावे लागेल आणि उत्तराला किती वर्षे लागतील हे कोणी सांगत नाही. धरणावर रोजंदारीतून कायम करायची यादी जूनअखेर निघणार आहे. नागरिकत्वाचा कागद नसेल तर त्या यादीत मी नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कळवणे भाग आहे. या अर्जाची सूचना पेपरात दोनदा छापावी लागते. 'अमुक इसम नागरिकत्व मागत आहे, कोणास हरकत असल्यास लेखी कळवावे.' पेपर लातूरलाही येतो. आपल्याकडे माणसाचे पूर्ण नाव लिहिले की मधे बाप येतो. 'रामकिशन व्यंकटराव हनवते, जन्म रंगून' असे ते छापले जाईल.

ही धमकी नाही. मी दोनदा वाचून पाहिले, धमकीसारखे वाटते. पण मला दुसरे शब्द सापडले नाहीत.

रामकिशन

नांदेड, रविवार, १५ मे १९८३

वडिलांस,

वर हा शब्द का लिहिला ते शेवटी सांगतो.

तुम्ही येऊन गेल्याला आज सहा दिवस झाले. शेजारच्या दानम्माने पहिल्यांदा तुम्हाला पाहिले. "चांगुणाक्का, तुज्याकडं पाव्हनं आल्यात. बुटवालं हायत!" ती ओरडली. आमच्या गल्लीत बूट घालून कोणी येत नाही, आला तर जप्तीवाला येतो. त्यामुळे चार दारे उघडली.

आई चुलीपाशी होती. ती उठली, हात पुसले आणि तुम्हाला लोटा भरून पाणी दिले. तुम्ही ते सगळे प्यालात. आमच्याकडे हल्ली भरला लोटा एकट्याने कोणी पीत नाही. तुम्हाला ते माहीत असायचे कारण नाही, म्हणून तक्रार करीत नाही.

मग तुम्ही तिच्याशी बर्मी बोललात. इतक्या वर्षांनी तुम्हाला ती भाषा येते याचे मला आश्चर्य वाटले. 'तू बरी आहेस का' एवढेच विचारलेत.

"मराठीत बोला," आई म्हणाली. "बर्मी मी इसरले."

ती विसरलेली नाही. झोपेत ती त्याच भाषेत बोलते. तुम्ही मात्र खाली बघितलेत आणि पुढचे सगळे मराठीत बोललात.

"पोरीचं लग्न धरलंय. बावीस तारखेला. पाव्हणे पेपर वाचणारे आहेत. तेवढं पार पडू दे. जून उजाडला की मी स्वतः येतो, दोन्ही सह्या करतो. नोकरी गेली तर गेली."

आईने विचारले, "पोरीचं नाव काय?"

"यशोधरा."

"चांगलं हाय," आई म्हणाली. "छापत न्हाई तुमचं नाव. माजा सबूद. जा, लगीन करा."

मी म्हणालो, "आई, तीस जूनची तारीख आहे. यांचं काय, उद्या नाही आले तर?"

"मौंग, पोरीचं लगीन हाय."

मला तेव्हा तिचा राग आला. अजून आहे. रंगूनच्या बंदरावर तुम्ही 'व्यवस्था लावून नेतो' म्हणाला होता तेव्हाही ती अशीच 'जा' म्हणाली असणार. पण तुम्ही दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होता तेव्हा मी तुम्हाला विचारले, "तुमच्या मुलाचं नाव हर्षवर्धन का ठेवलं? आजोबांचं का नाही ठेवलं?"

तुम्ही मान वर केली नाही. नाडीची गाठ सुटली, ती परत बांधलीत.

"बाचं नाव दोनदा ठेवत नसतात," तुम्ही म्हणालात.

दारात दानम्मा होती. तिनेही ऐकले. तुम्ही गेल्यावर ती आईला म्हणाली, "बग, कबूल झाला का न्हाई!" स्टँप नाही, सही नाही, तिकीट नाही. पण ते वाक्य मला पुरले आणि म्हणून मी आज वर तो शब्द लिहिला.

जूनची वाट पाहत आहे. यशोधरेला शुभेच्छा. तिला माझे नाव सांगू नये.

तुमचा
रामकिशन

नांदेड, रविवार, २६ जून १९८३

श्री. हनवते यांस,

वरचा शब्द मागे घेतला आहे.

आधी एक सांगतो, जे लपवले होते. मी लग्नाला आलो होतो. यायचे ठरवले नव्हते. यशोधरा कशी दिसते एवढेच पाहायचे होते. मांडवाबाहेर उभा होतो, तर पंगतीत वाढणाऱ्या शिवप्पाने मला पाहिले.

"आरं सेटरवाल्या! हितंबी उधारी?" तो म्हणाला. "आज मागू नगं बाबा. ये, जेव आदी. साबाच्या पोरीचं लगीन हाय."

त्याने मला हाताला धरून पंगतीत बसवले. मी जेवलो. जेवल्यावर तसे उठून जाणे बरे दिसेना. आहेर लिहून घेणाऱ्यापाशी गेलो आणि अकरा रुपये दिले. भाऊ म्हणून साडी द्यायला पाहिजे होती, तेवढे नव्हते. त्याने नाव विचारले. मी त्याच्या वहीकडे पाहिले. मागून शिवप्पाच बोलला, "लिव्हा, सेटरवाला."

कर्ण्यावरून नाव पुकारले, "स्वेटरवाला, अकरा रुपये." लोक हसले. यशोधरासुद्धा हसली. तिच्या एका गालाला खळी पडते. माझ्याही पडते. तुम्ही व्यासपीठावर होता. तुम्ही तेवढे हसला नाहीत, हे मी पाहिले.

मग जून आला. आई रोज सकाळी एक लोटा पाणी झाकून बाजूला ठेवायची, तुम्ही येणार म्हणून. संध्याकाळी ते आम्ही दोघे प्यायचो. लातूरची एस.टी. दुपारी येते. कामावरून पळून मी पाच वेळा स्टँडवर गेलो, मग मुकादमाने खाडा मांडला, मग जाणे बंद केले.

सोमवारी सौदामिनीबाईंनी तुमच्या कचेरीत ट्रंक कॉल लावला. मी समोर बसलो होतो. त्यांनी माझे पूर्ण नाव सांगितले. पलीकडून काय उत्तर आले ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही, म्हणून विचारले. त्या सांगत नव्हत्या. पुन्हा विचारले तेव्हा म्हणाल्या, "स्वतः हनवतेच होते. म्हणाले, या नावाचं आमच्यात कोणी नाही."

बाई फार चिडल्या. "आता छापायचंच," म्हणाल्या. "नाव, गाव, हुद्दा, सगळं. बघू, हे गृहस्थ तो पेपर कसा वाचतात. आणि कोर्टात ओढू. ती दानम्मा आहे की साक्षीला."

आई म्हणाली, "न्हाई. मी सबूद दिलाय."

"अहो, त्यांनी तुमचा पाळला का? आता लग्नही झालं!"

"त्येंचं त्येंच्यापाशी."

"चांगुणाबाई, पोराचा हक्क आहे तो! हक्कानं मिळतंय ते सोडून तुम्ही त्याला भीक मागायला लावताय."

आई उभीच राहिली. "भीक कशाची? नऊ वर्सं ह्या मुलखाचं पानी पेलो. रांगेत हुबं ऱ्हाऊन पेलो. कुनी फुकट पाजलं न्हाई."

बाई खाली बसल्या.

बाहेर आल्यावर मी आईला पहिल्यांदा टाकून बोललो. जे बोललो ते लिहीत नाही. ती ऐकत चालत राहिली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तुला त्येंचं नाव पायजे का कागद पायजे? दोनी एकदम न्हाई भेटत, मौंग. मला तर एकबी न्हाई भेटलं."

उद्या सोमवारी दोघांचे अर्ज दाखल होतील. मधे तुमचे नाव राहणार नाही, मागे आडनाव राहणार नाही. सूचनेत माझे नाव 'रामकिशन इस्लापूरकर' असे छापून येईल. गावावरून आडनाव लावायला कोणाच्या सहीची गरज नसते, असे बाई म्हणाल्या. बापाकडून मिळणारे मी सोडून दिले, असे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले नाही, पण त्याचा अर्थ तोच आहे. धरणावरची यादी काल लागली. मी ती वाचायला गेलो नाही, हजेरी लिहिताना मुकादमाने सांगितल्यावरून माझ्याच हातून दोन नावांपुढे 'कायम' लिहिले गेले, त्यांत माझे नव्हते, त्यावरून कळले.

'रामकिशन' मात्र ठेवत आहे. ते तुमचे नाही, आजोबांचे आहे. आत्याने ते ऐकूनच मला घरात घेतले होते.

रामकिशन

नांदेड, रविवार, १८ सप्टेंबर १९८३

श्री. हनवते यांस,

दोन्ही सूचना छापून आल्या. हरकतीची मुदत संपली. कोणीही हरकत घेतली नाही. तुम्हीही घेतली नाहीत, याबद्दल आभारी आहे.

परवा आईला भाषेच्या तपासणीला बोलावले होते. साहेब पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विचारले, "बाई, आपल्याला या देशात का राहायचं आहे, ते मराठीत सांगा."

आई म्हणाली, "मंग कुटं जाऊ म्हंता? माजी ननंद हितल्या मातीत हाय. तिनं मला बोलाय शिकिवलं, भाकर थापाय शिकिवलं, शिव्याबी तिनंच शिकिवल्या. देऊन दावू का येक?"

साहेब सौदामिनीबाईंना म्हणाले, "हे मराठी आहे का?"

"साहेब, नव्या जागी आलात," बाई म्हणाल्या. "शिकाल हळूहळू."

कारकून हसले, मग साहेबही हसले. त्यांनी 'भाषेचे ज्ञान पुरेसे' असे लिहिले. मग कागद उलटून सहज विचारले, "पती?"

मी आईकडे पाहिले. तिने सबूद दिला होता आणि साहेबांपुढे खोटे बोलायचे नव्हते. तिने पदर सारखा केला.

"बोटीत बसून गेले," ती म्हणाली. "आजून यायचेत."

साहेबांनी मान खाली घातली आणि पुढचा कागद घेतला.

कागद वर गेले आहेत. उत्तर केव्हा येईल ते माहीत नाही. येईल की नाही तेही माहीत नाही. तोवर आईला राहायला परवानगी आहे. टँकर बंद झाला, नळाला एक दिवसाआड पाणी येते. आई अजून पाणी झाकून ठेवते का, असे तुम्हाला वाटेल. नाही ठेवत.

हे शेवटचे पत्र आहे. हिशेब राहू नये म्हणून खाली देत आहे. तपासून घ्यावा.

झालेला खर्च:
स्टँप, अर्ज, नकला, दोघांच्या : ९४ रुपये
पेपरातील सूचना, दोघांच्या, दोन वेळा : २४० रुपये
लातूरला जाणे-येणे, दोन वेळा : ५६ रुपये
ट्रंक कॉल : १८ रुपये
यशोधरेला आहेर : ११ रुपये (तुमच्याकडचे जेवण यात फिटले असे धरतो.)
एकूण : ४१९ रुपये

देणे:
दानम्मा, तिच्या भिशीतून : १६० रुपये
सौदामिनीबाईंची फी : आकडा सांगत नाहीत. दरमहा वीस रुपये देत आहे. कधी थांबायचे ते त्यांनी सांगितलेले नाही.

तुमचे माझ्याकडे:
एप्रिलमध्ये स्वेटरचे म्हणून रोख घेतले : ५० रुपये
त्यापैकी एक स्वेटर, राखाडी, तुमच्या मापाचा, स्टेशनजवळच्या नेपाळ्याकडून : ४५ रुपये
पार्सल, रजिस्टर, तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर : ५ रुपये

बाकी काही नाही. माप आईने सांगितले. हिवाळ्यात शिवप्पासमोर घालावा.

रामकिशन इस्लापूरकर